इमरीच्या काठीचा डूख

“ह्याचं तोंडच वाकडं बसवलंय कारखान्यात. एवढी टिमकी वाजवतात, आणि एक तोंड सरळ बसवता येत नाही ह्यांना.”

गॅविन मेल्डरम अगदी माझ्या कानाशी पुटपुटला आणि हातातली नवीकोरी काठी त्यानं माझ्या शेजारच्या खिळ्यावर अडकवली. आर्डनेस गावात, त्याच्या घरामागच्या शेडच्या भिंतीवर, आता आम्ही पाच झालो. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. शेजार वाढला म्हणून नव्हे. माझ्या जागी आणलेला चौथाही हरला म्हणून.

मी गोल्फची लाकडी काठी आहे. वय बावन्न, स्वभाव डूख धरणारा. आपली हकिगत सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा मनानं फार मोठ्या असतात. छत्री फाटते, घड्याळ बंद पडतं, आणि शेवटी ती सगळ्यांना क्षमा करून मोकळी होतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

गोल्फ खेळणाऱ्याच्या झोळीत चौदा काठ्या असतात. त्यातली सगळ्यात लांब, पहिला टोला हाणायची, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती मी. माझं डोकं पर्सिमनच्या लाकडाचं. तुमच्याकडे जिच्या पानांच्या विड्या वळतात, त्या टेंभुर्णीची ही अमेरिकेतली बहीण. त्या लाकडाचा ठोकळा जहाजातून स्कॉटलंडच्या ह्या किनाऱ्यावर आला आणि वॉल्टर इमरीच्या हाती पडला.

इमरीचं दुकान मैदानाच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून होतं. त्यानं मला दोन वर्षं माळ्यावर नुसती वाळत ठेवली. मग करवत, मग कानस, मग काचेच्या तुकड्यानं तासणं, मग जवसाच्या तेलात मुरवणं. माझ्या पाठीत त्यानं वितळलेलं शिसं ओतलं, म्हणजे टोल्याला वजन मिळावं. तळाला पितळेची पट्टी ठोकली. चेंडूला भिडणाऱ्या तोंडावर लाल रंगाचा टणक तुकडा पाच स्क्रूंनी बसवला. डोकं आणि पोलादी दांडा जिथे जुळतात त्या मानेवर डांबर लावलेला दोरा इतका घट्ट गुंडाळला की मला वाटलं, आता श्वास घेता येणार नाही.

आणि तोंडाला त्यानं जरासा फुगवटा ठेवला, लहान मुलाच्या गालाला असतो तेवढा. चेंडू मधोमध न लागता थोडा बाजूला लागला, तर त्या फुगवट्यामुळे तो स्वतःभोवती उलटा फिरतो आणि भरकटता भरकटता वाटेवर परत येतो. आजचे मोठमोठे कारखाने संगणकाला विचारून काठ्या घडवतात. तेही शेवटी इमरीच्या त्या गालापाशीच येऊन थांबतात. हे त्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

गिऱ्हाईक आलं की इमरी उंची मोजत नसे. हात मिळवायचा आणि सांगायचा, जा, पाण्यापर्यंत चालून ये. गॅविन तेव्हा बावीस वर्षांचा होता, घरं रंगवायला नुकता लागलेला, बोटांच्या पेरांत पांढरा रंग. तो पाण्यापर्यंत गेला आणि आला.

“तू घाईचा माणूस आहेस,” इमरी म्हणाला. “तुला जड देतो.”

ती जड मी.

बावीस वर्षं आम्ही एकत्र खेळलो. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर तो मला तेलाच्या बोळ्यानं पुसायचा. त्याची बायको आयसा ओट्यापाशी बटाटे सोलता सोलता म्हणायची, “मला कधी विचारलंस का रे, तुझे हात उललेत का म्हणून?” त्याचा जोडीदार डॉड स्किनर, गावचा बेकर, मला ‘मेल्डरमबाई’ म्हणायचा. चौथ्या वळणावरचा ओढा मी एका टोल्यात ओलांडला त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांनी येऊन माझ्यावरून हात फिरवला होता.

माझ्यात एक दोष होता, तो सांगून टाकते. माझ्या तोंडावर नेमकी लागायची जागा छोट्या नाण्याएवढी. तिथे चेंडू लागला तर हाताला काही कळतसुद्धा नसे, लोण्यातून सुरी जावी तसं. जरा इकडेतिकडे लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. मी कुणाला माफ करत नसे. इमरीला ह्याचा अभिमान होता. “चूक हाताला कळलीच पाहिजे,” तो म्हणायचा.

मग धातूची डोकी आली.

गावातलं पहिलं गॅविननंच आणलं. पोलादाचं, आतून पोकळ. ते घेऊन तो आधी इमरीच्या दुकानात गेला, कौतुक करून घ्यायला. मला झोळीत घेऊन गेला होता, म्हणून मी पाहिलं. इमरीनं ते डोकं फिरवून पाहिलं, नखानं टिचकी मारली. टण्ण वाजलं.

“आवाज मोठा आहे,” तो म्हणाला आणि काठी परत दिली.

दोन वर्षांत दुकान बंद झालं. इमरी डंडी शहरात लेकीकडे राहायला गेला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे समुद्रापर्यंत चालून यायला सांगायचं कुणाला?

आणि माझं काय झालं? गॅविननं मला विकायला काढलं असतं तरी मी सोसलं असतं. फेकून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं मला शेडमध्ये नेलं आणि रंगाच्या डब्यांची झाकणं माझ्या डोक्यानं ठोकून बसवायला सुरुवात केली. मित्रांनो, माझ्या डोक्यानं. पांढरा डबा, ठक. निळा डबा, ठक. एकदा हिरव्या डब्याचं झाकण बसेना म्हणून त्यानं जोर काढला, तेव्हा माझ्या मानेत केसाएवढी चीर गेली. दोऱ्याखाली. त्याला दिसली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. एक ना एक दिवस हा मला पुन्हा हातात घेईल. सगळ्या गावासमोर घेईल. त्या दिवशी मी मानेत तुटेन. माझं डोकं चेंडूच्या पुढे उडत जाईल आणि हा हातात नुसता दांडा धरून उभा राहील. तीस वर्षं मी ती चीर जपली. लोक जखम बरी व्हायची वाट बघतात, मी ती टिकवून ठेवली.

वेळ घालवायला सोबत आपोआप मिळत गेली. सहा वर्षांनी तो पोलादी ड्रायव्हर भिंतीवर आला. आला तोच फुशारकी मारत. पोकळ असल्यामुळे त्याचं सगळं वजन कडेला होतं, चेंडू मधोमध नाही लागला तरी डोकं हातात फिरत नसे. मी विचारलं, मग इथे कशाला आलास?

त्याच्यामागून टायटॅनियमचा आला. पोलादाहून हलका, म्हणून डोकं मोठं करता आलेलं. आणि तोंडाचा पत्रा इतका पातळ की चेंडू लागला की आत दबायचा आणि उसळून बाहेर फेकायचा. कारखान्यांची नुसती चढाओढ लागली होती. एकानं पातळ केला की दुसरा त्याहून पातळ. शेवटी नियम करणाऱ्यांना मध्ये पडावं लागलं: याहून जास्त उसळी नको, याहून मोठं डोकं नको. तिसरा आला तो बरोबर त्या मापाला टेकलेला, भोपळ्याएवढा, वरचं कवच काळ्या कार्बनचं. त्याची नेमकी जागा नाण्याएवढी नव्हती, बशीएवढी होती.

आणि हा चौथा, ज्याच्यावरून आज कुरकुर चालली होती, त्याला स्क्रू होते. एक छोटी किल्ली मिळते. ती फिरवली की तोंड डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं, वजन पुढे सरकतं, मागे जातं. इमरी जे हात मिळवून ठरवायचा, ते ह्याच्यात घरबसल्या किल्लीनं ठरवायचं. माझा जीव जळतो, पण कबूल करते: हे सगळे माझ्याहून लांब मारतात, सरळ मारतात आणि चुकणाऱ्याला सांभाळून घेतात. दर वेळी सुधारणा खरी होती. मी त्यांच्यावर रागावले आहे ते त्या खोट्या होत्या म्हणून नाही.

तर मग गॅविनचे टोले आखूड का होत गेले?

हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गॅविनची नजर गेली होती. एका दिवसात नाही, दहा वर्षांत हळूहळू, खिडकीची काच धुरकटत जावी तशी. आधी त्या बशीएवढ्या जागेनं त्याला झाकून घेतलं. चेंडू नीट दिसत नव्हता तरी काठी सांभाळून घ्यायची. मग तेही पुरेना. गेल्या वर्षी त्यानं क्लबच्या खिडक्या रंगवल्या: तीन पांढऱ्या, दोन साईच्या रंगाच्या. डब्यावरचं नाव त्याला वाचता आलं नाही. सेक्रेटरी मिस्टर लॉरीमर म्हणाले, “छान उजळल्या हो.” डॉड म्हणाला, “हीच फॅशन आहे सध्या.” आयसा काहीच म्हणाली नाही. तिनं घरातले सगळे दिवे बदलून जास्त उजेडाचे लावले. आता त्यांचं स्वयंपाकघर रात्री समुद्रातून बोटींना दिसत असेल.

तिच्या गप्प राहण्याला कारण होतं. गॅविनच्या वडिलांची नजर गेली तेव्हा ते शेगडीपाशी खुर्चीत बसले आणि मरेपर्यंत तिथून उठले नाहीत. गॅविन त्या खुर्चीकडे बघतसुद्धा नसे. आणि ह्या वर्षी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याला क्लबचा कप्तान केलं होतं. ह्या मानाची त्यानं आयुष्यभर वाट पाहिली होती. आता त्याला कोण सांगणार?

आमच्या गावची रीत अशी: एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता नवा कप्तान एकच टोला मारतो. त्यानं त्याचं कप्तानपण सुरू होतं. गाव पुढे मैदानात जाऊन उभं राहतं, आणि जो चेंडू उचलून आणून देईल त्याला कप्तान चांदीचा चमचा देतो. कुणी किती लांब उभं राहायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण तुम्ही कुठे उभे राहता त्यावरून कप्तानाबद्दल तुमचं मत काय ते सगळ्या गावाला कळतं. एका कप्तानाच्या वेळी लोक इतके जवळ उभे राहिले होते की तो वर्षभर बेकरीत पाव घ्यायला गेला नाही.

त्या एका टोल्यासाठी गॅविननं चौथा आणला होता. आठवडाभर किल्ली फिरवली. स्क्रूवरच्या बारीक खुणा दिसेनात म्हणून अंदाजानं फिरवली, आणि तोंड खरोखर वाकडं करून ठेवलं. मग माझ्या शेजारी अडकवलं. आणि मग, मित्रांनो, त्यानं भिंतीवरून हात फिरवत फिरवत माझा दांडा धरला.

“ही घेतो,” तो आत जाऊन आयसाला म्हणाला. “लाकूड दगा देत नाही.”

तीस वर्षांचा रंग माझ्या डोक्यावर साचला होता. मी मनातल्या मनात हसले. घे बरं मला शनिवारी हातात, म्हटलं.

मानेचा दोरा सुटला होता, तो आयसानं नव्यानं गुंडाळायला घेतला. तिचे वडील मासेमारीची जाळी विणायचे, तिच्या बोटांना दोरा कळतो. जुना दोरा काढताना तिचं नख त्या चिरेवर अडकलं. ती थांबली. पुन्हा नख फिरवून पाहिलं.

“काय गं?” पलीकडून गॅविननं विचारलं.

“काही नाही. जुना डिंक आहे.”

तिनं चिरेत सरस भरला, रात्रभर दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी डांबराचा दोरा घेऊन, एक टोक दातात धरून, तीन थर गुंडाळले. इमरी एकच द्यायचा. मी तिला मनात म्हटलं, बाई, कितीही बांध. मी ठरवलंय.

शनिवारी धुकं नव्हतं. वारा नव्हता. सबब म्हणून वापरता येईल असं आभाळात काहीच नव्हतं. गॅविननं कप्तानाचा लाल कोट घातला होता, तो काढून त्यानं आयसाच्या हातात दिला, आणि मला घेऊन पहिला टोला मारायच्या जागेवर उभा राहिला. आयसा बाजूला, लॉरीमर तिच्यापाशी. बाकी सगळं गाव पुढे मैदानात.

सगळे किती लांब उभे होते. बेकर डॉड दोनशे वीस पावलांवर. पाद्रीबाई त्याहून पुढे. दीडशे पावलांच्या आत एक माणूस नाही. जवान कप्तानालासुद्धा एवढा मान कधी दिला नव्हता. गॅविनला ते दिसत नव्हते, पण लांबून येणाऱ्या आवाजांवरून त्याला कळलं.

आठ वाजले. त्यानं मला उचललं.

तीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा. मी वर गेले, त्याच्या खांद्यावरून मागे, आणि मानेला मोकळं सोडणार एवढ्यात मला पुढचं सगळं दिसलं. माझं डोकं उडेल. गाव हसेल. लॉरीमर म्हणतील, लाकूडच जुनं होतं. डॉड म्हणेल, मेल्डरमबाईंनी मान टाकली. त्याला दुसरी काठी मिळेल, दुसरा चेंडू मिळेल आणि आयुष्यभर पुरेल अशी सबब मिळेल. पोलादावर दोष गेला, टायटॅनियमवर गेला, स्क्रूवर गेला. तो माझ्यावर येईल आणि हा नेहमीसारखा सुटेल.

म्हणजे सूड घ्यायचा तर तुटायचं नव्हतं. जशी इमरीनं केली तशी राहायचं होतं, सबंध, आणि जराही माफ न करता.

मी आयसाच्या तीन थरांत मान आवळून धरली आणि खाली आले.

लागायच्या जागेपासून चेंडू दोन बोटं खाली होता. माझ्या पितळी तळाची कड त्याच्या माथ्याला घासली. चेंडू टेकवायच्या छोट्या खुंटीवरून तो घरंगळला, अठरा पावलं गेला आणि गवताच्या झुबक्यात बसला. गॅविनच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या असतील. गेल्याच पाहिजेत. मी काही राखून ठेवलं नव्हतं.

लांबून टाळ्या आल्या.

“गेला बघ, गॅविन!” डॉड ओरडला. पाद्रीबाईंनी कपाळावर हात धरून आभाळात पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. सगळं गाव माना वर करून एका चेंडूच्या मागे डोळे फिरवत होतं, जो तिथे नव्हता.

गॅविननंही कपाळावर हात धरला. “कुठे पडला?” त्यानं लॉरीमरना विचारलं.

“लांब,” लॉरीमर म्हणाले आणि बुटांकडे बघू लागले.

आता चेंडू कुणीतरी आणून द्यायला हवा होता. रीत आहे ती. कुणाकडे नव्हता, म्हणून कुणी हलेना. डॉड गवतात वाकला, उगाच, आणि उठला. वेळ जात राहिला. मित्रांनो, मला वाटलं होतं मला गोड वाटेल. दोनशे माणसं एका माणसावर माया करत उभी होती आणि त्यातला एकहीजण जवळ यायला तयार नव्हता. तुमच्या घरी एखादी काठी, एखादा पाटा, कसलीही जुनी वस्तू असेल तर तिला तेल लावा, तिच्यानं झाकणं ठोकू नका, हे सांगायला मी ही हकिगत सुरू केली. पण त्याहून मोठं मागणं आता आहे. आपल्या माणसाची इतकीही काळजी घेऊ नका की त्याला खरं सांगायला कुणी उरणार नाही.

आयसानं लाल कोट गवतावर ठेवला. ती अठरा पावलं चालत गेली, वाकली, आणि परत आली.

पावलांचा आवाज ऐकून गॅविननं मान वळवली. “कोण?”

“मी.”

“चेंडू तू आणलास?”

“हो.”

“एवढ्यात?”

तिनं चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला. त्याला दव लागलेलं होतं.

लॉरीमर पटकन पुढे झाले. “अरे, काठी जुनी आहे, गॅविन. मानेत सैल झाली असणार. माझी नवी आहे झोळीत, ती घे, दुसरा मार. कोण हरकत घेतोय?”

गॅविननं मला उचललं. कानापाशी नेऊन हलवलं. काही खुळखुळलं नाही. माझी मान दोन्ही हातांनी धरून पिळून पाहिली. जराही हलली नाही. मग त्यानं मला खाली टेकवलं आणि जिथून आयसाचा श्वास ऐकू येत होता तिकडे तोंड केलं.

“काठीला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “मला चेंडू दिसत नाही.”